विश्लेषण : सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी का पडले? गोपाळ कृष्ण गोखले यांच्या हरलेल्या लढाईची गोष्ट

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला. पण प्रत्येक मुलाने शाळेत जावे आणि त्याचा मुख्य खर्च सरकारने उचलावा, असा प्रस्ताव गोखले यांनी ९८ वर्षे आधीच कायदेमंडळात मांडला होता. तो का फेटाळला गेला आणि त्या वेळचे आक्षेप आजही का ऐकू येतात?

देशातील ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळणे हा आज कायद्याने दिलेला हक्क आहे. त्यामुळे शाळेत प्रवेश ही आपल्याला सरकारकडून हक्काने मागण्याची गोष्ट वाटते. शंभर वर्षांपूर्वी तसे नव्हते. मूल शिकणार की नाही, हे ते कोणत्या घरात, कोणत्या जातीत, कोणत्या गावात जन्मले आणि घरातल्या कोणी त्याच्यासाठी किती झळ सोसली, यावर ठरत असे.

१६ मार्च १९११ रोजी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या केंद्रीय कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. वर्षभराने ते फेटाळले गेले. गोखले यांची ओळख आज मवाळ पक्षाचे नेते आणि महात्मा गांधींचे राजकीय गुरू एवढ्यापुरती उरली आहे. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग शिक्षणात गेला आणि त्याची सुरुवात त्यांच्या स्वतःच्या घरातून झाली.

थोरल्या भावाने शिक्षण का सोडले?

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागलमध्ये नोकरीला होते. १८७९ मध्ये वडिलांचे निधन झाले तेव्हा गोपाळ १३ वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव कोल्हापुरात शिकत होते. दोघांचे शिक्षण चालू राहणे शक्य नव्हते. गोविंदरावांनी शिक्षण सोडले आणि कागलमध्ये महिना १५ रुपयांची नोकरी धरली.

या १५ रुपयांतले ८ रुपये ते दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवत. उरलेल्या ७ रुपयांत बाकीचे घर चाले. म्हणजे कमाईचा निम्म्याहून अधिक भाग एका मुलाच्या शिक्षणावर जात होता. कॉलेजच्या खर्चाची वेळ आली तेव्हा वहिनींनी अंगावरचे दागिने विकले, अशी नोंद गोखले यांच्या चरित्रांत आढळते.

१८८१ मध्ये गोखले मॅट्रिक झाले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करत १८८४ मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, ते पदवीधर झाले. शेवटच्या वर्षी एल्फिन्स्टनमध्ये त्यांना महिना २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. ही रक्कम भावाच्या पूर्ण पगारापेक्षा ५ रुपयांनी जास्त होती.

एक शिकला, कारण दुसरा थांबला. त्या काळच्या हजारो घरांत असाच हिशेब होत असे. फरक एवढाच की बहुतेक घरांत थांबणारेच सगळे असत आणि मुलींना तर या हिशेबात धरलेच जात नसे.

पदवीनंतर गोखले शिक्षक का झाले?

पदवीच्या जोरावर सरकारी नोकरी किंवा वकिली करून गोखले यांना घरची स्थिती सुधारता आली असती. त्याऐवजी १८८५ मध्ये ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये महिना ३५ रुपयांवर शिक्षक झाले. १८८६ मध्ये ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. मोजक्या वेतनावर २० वर्षे शिकवण्याचे बंधन त्यांनी स्वीकारले.

फर्ग्युसन कॉलेजमध्ये त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे विषय शिकवले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांमध्ये बराच काळ चालले. कॉलेजसाठी वर्गणी गोळा करत ते गावोगावी फिरले. शाळा चालवायला किती पैसा लागतो आणि तो उभा करणे किती अवघड असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवाल, जमाखर्च आणि आकडेवारी वाचण्याची शिस्त लावून घेतली. १८९७ मध्ये लंडनला जाऊन वेल्बी आयोगापुढे भारताच्या खर्चाबाबत साक्ष दिली. १८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात आणि १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात गेले. त्याच वर्षी ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. सरकारी तिजोरीत वर्षामागून वर्षे शिल्लक राहते आणि तरीही शिक्षण, आरोग्य यांना पैसा नसतो, हे ते अंदाजपत्रकावरील भाषणांत आकड्यांनिशी दाखवू लागले.

तेव्हा शिक्षणाची स्थिती काय होती?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असताना, सरकारनेच काही गोष्टी मान्य केल्या होत्या. पाचपैकी चार गावांत शाळा नव्हती. चारपैकी तीन मुलगे शिक्षणाविना वाढत होते. मुलींमध्ये चाळिसातली एक शाळेत जात होती. १९११ च्या जनगणनेनुसार देशात १०० पैकी जेमतेम ६ जण साक्षर होते. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ११, तर स्त्रियांमध्ये सुमारे १ होते.

यामागे धोरण होते. वरच्या थरातील थोड्यांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असे सरकारचे दीर्घकाळ गृहीतक होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यावर कठोर टीका केली होती. शेतकऱ्यांकडून जमा होणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे दाखवून त्यांनी १२ वर्षांपर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. दादाभाई नौरोजी यांनीही त्याच आयोगापुढे अशी मागणी केली होती. म्हणजे मागणी गोखले यांच्या आधीची होती. गोखले यांनी तिला विधेयकाचे रूप दिले.

बडोद्याने काय करून दाखवले?

भारतात सक्तीचे शिक्षण शक्य नाही, हा सरकारचा नेहमीचा युक्तिवाद होता. त्याला उत्तर एका संस्थानाने दिले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले. प्रयोग यशस्वी झाल्यावर १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला.

गोखले यांनी कायदेमंडळापुढे बडोदा आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. शाळेच्या वयाच्या १०० मुलग्यांपैकी बडोद्यात सुमारे ८० शाळेत होते, ब्रिटिश हिंदुस्थानात २१ ते २२. मुलींमध्ये बडोद्यात जवळपास निम्म्या शाळेत होत्या, ब्रिटिश हिंदुस्थानात १०० पैकी ४. लोक तेच, समाज तोच, गरिबीही तीच. फरक राज्यकर्त्याच्या इच्छेचा आणि खर्चाचा होता.

विधेयकात नेमके काय होते?

गोखले यांनी आधी मार्च १९१० मध्ये ठराव मांडला होता. प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याच्या दिशेने योजना आखण्यासाठी आयोग नेमावा, अशी त्यात मागणी होती. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी तो मागे घेतला. त्याच वर्षी केंद्रात स्वतंत्र शिक्षण विभाग सुरू झाला आणि हारकोर्ट बटलर त्याचे प्रमुख झाले. पण सक्तीच्या शिक्षणाबाबत पाऊल पडले नाही. मग १९११ मध्ये विधेयक आले.

इंग्लंडमधील १८७० आणि १८७६ चे कायदे समोर ठेवून त्याचा आराखडा केला होता. त्यातील मुख्य तरतुदी अशा होत्या :

- सक्ती एकदम देशभर होणार नव्हती. नगरपालिका किंवा जिल्हा मंडळाने ठरवल्यास आणि सरकारने मंजुरी दिल्यास ती आपल्या हद्दीत लागू करता येणार होती.
- जिथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत आहेत, तिथेच सक्ती आणता येणार होती. हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश असावे, असे गोखले यांचे म्हणणे होते.
- वयोगट ६ ते १० वर्षे. सुरुवात मुलग्यांपासून, नंतर मुलींचा समावेश.
- घरापासून एका मैलाच्या आत शाळा नसेल, मूल आजारी असेल किंवा शेतीच्या हंगामाची अडचण असेल तर सूट.
- महिना १० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांकडून फी घ्यायची नाही.
- मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला आणि शाळेच्या वयाच्या मुलाला कामावर ठेवणाऱ्यालाही दंड.
- खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थेने उचलायचा. त्यासाठी स्थानिक संस्थेला शिक्षण कर बसवता येणार होता.

यादी पाहिली तर विधेयक किती सावध होते ते लक्षात येते. सरकारच्या परवानगीशिवाय त्यातले एकही पाऊल पडणार नव्हते. तरीही शेवटच्या तरतुदीत खरी गोष्ट होती. शिक्षण हा घरापुरता खर्च न राहता तो सार्वजनिक खर्च होणार होता. एखाद्या गोविंदरावाला आपले शिक्षण सोडून भावाला ८ रुपये पाठवण्याची वेळ निदान प्राथमिक शिक्षणासाठी तरी येऊ नये, याची सोय कायद्यातून होणार होती.

विरोध कोणाचा आणि कशासाठी?

विधेयक प्रांतिक सरकारे, स्थानिक संस्था आणि जाणकारांकडे मतासाठी पाठवले गेले. काँग्रेसने पाठिंबा दिला, अनेक ठिकाणी त्याच्या बाजूने सभा झाल्या. प्रांतिक सरकारांचा सूर मात्र विरोधी होता. आक्षेप साधारण पाच प्रकारचे होते.

पहिला, पैसा नाही. दुसरा, लोकांकडूनच मागणी नाही, आधी ऐच्छिक शिक्षण वाढू द्या. तिसरा, प्रशिक्षित शिक्षक आणि इमारती नाहीत. चौथा, परक्या सरकारने सक्ती केली तर असंतोष पसरेल. पाचवा आक्षेप जमीनदार आणि बड्या घरांतून आला. शेतकरी, मजुरांची मुले शिकली तर शेतात राबणार कोण, ही ती भीती होती.

गोखले यांनी एकेका आक्षेपाला उत्तर दिले. खर्च एका वर्षात नव्हे, तर टप्प्याटप्प्याने वाढणार होता आणि आयात शुल्कात वाढ करून तो भागवता येईल, असे त्यांनी सुचवले. मागणीची वाट पाहत बसलेल्या कोणत्याही देशात शिक्षण सार्वत्रिक झालेले नाही, हे इंग्लंडसह अनेक देशांच्या उदाहरणांतून दाखवले. शिक्षक कमी आहेत म्हणून शाळा नाहीत आणि शाळा नाहीत म्हणून शिक्षक तयार होत नाहीत, हे चक्र सरकारनेच तोडायला हवे, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. मजुरांच्या टंचाईचा आक्षेप तर मुळातच वेगळा होता. मुले शिकू शकणार नाहीत असे तो म्हणत नव्हता, ती शिकली तर आपली गैरसोय होईल असे म्हणत होता.

३८ विरुद्ध १३ : त्या मतदानात काय झाले?

डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात सम्राट पंचम जॉर्ज यांच्या नावे लोकशिक्षणासाठी ५० लाख रुपयांची घोषणा झाली. त्यामुळे काहींच्या आशा वाढल्या. पण पैसे देणे वेगळे आणि कायद्याने बांधून घेणे वेगळे, हे तीन महिन्यांतच स्पष्ट झाले.

मार्च १९१२ मध्ये चर्चा झाली. विधेयक लगेच मंजूर करा, अशी मागणीही नव्हती. ते पुढील विचारासाठी निवड समितीकडे पाठवावे, एवढाच गोखले यांचा प्रस्ताव होता. पंडित मदनमोहन मालवीय आणि बॅरिस्टर मोहम्मद अली जिना यांनी तो उचलून धरला. बटलर यांनी सरकारतर्फे विरोध केला. कायदेमंडळात सरकारी सदस्यांचे बहुमत होते आणि काही बिनसरकारी सदस्यही त्यांच्या बाजूने गेले. १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी प्रस्ताव पडला.

गोखले यांना निकालाची आधीच कल्पना होती. पराभवाने त्यांनी तक्रार केली नाही किंवा सभागृह सोडले नाही. इंग्लंडमध्येही असे कायदे पहिल्या फटक्यात झाले नव्हते आणि या पिढीचे काम पुढच्या पिढीसाठी वाट तयार करण्याचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९१३ मध्ये, सरकारने शिक्षणविषयक धोरण जाहीर केले. त्यात शाळा वाढवण्याचे आश्वासन होते, सक्तीला मात्र नकार कायम होता.

विधेयकाच्या मर्यादा कोणत्या होत्या?

मुलींची सक्ती पहिल्या टप्प्यात नव्हती. साक्षर स्त्रिया शेकडा एक असताना त्यांना आणखी थांबायला सांगणे म्हणजे सर्वांत मागे असलेल्यांना पुन्हा मागे ठेवणे होते. एक तृतीयांश मुले आधीच शाळेत असण्याच्या अटीमुळे ज्या भागांना शाळेची गरज सर्वाधिक, तेच भाग बाहेर राहणार होते.

जातीचा प्रश्नही होताच. १९०३ मध्ये धारवाडच्या सामाजिक परिषदेत गोखले यांनी अस्पृश्यतेवर परखड टीका केली होती. पण शाळेचे दार उघडले तरी अस्पृश्य मुलांना वर्गाबाहेर बसवण्याची प्रथा या विधेयकाने मोडली नसती. त्यासाठी वेगळ्या लढ्यांची गरज होती.

गोखले यांच्यानंतर काय झाले?

मतदानानंतर गोखले फार काळ जगले नाहीत. १९१२ च्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन तेथील भारतीयांचा प्रश्न समजून घेऊन आले. लोकसेवा आयोगाचे कामही सुरू होते. मधुमेहाने प्रकृती ढासळत गेली आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. १९०५ मध्ये त्यांनी स्थापन केलेली भारत सेवक समाज ही संस्था पुढे काम करत राहिली.

दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले. ज्या कागलमध्ये गोविंदरावांनी १५ रुपयांची नोकरी धरली, तेच हे गाव.

१९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांनी मुंबई कायदेमंडळात नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मंजूर करून घेतला. ब्रिटिश हिंदुस्थानातील असा हा पहिला कायदा होता. पाठोपाठ इतर प्रांतांनीही कायदे केले. स्थानिक संस्थेने ठरवावे, हे गोखले यांचेच सूत्र त्यात होते. मात्र पुरेसा पैसा नसल्याने अनेक ठिकाणी सक्ती कागदावर राहिली.

१९५० मध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ ने १० वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९६० उलटले, उद्दिष्ट राहिले. २००२ मध्ये ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाला, २००९ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला.

आज हा इतिहास का महत्त्वाचा?

गोखले यांच्या विधेयकात घरापासून एका मैलाची अट होती. आजच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एका किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे म्हटले आहे. ही साधी तरतूद अनेक वादांच्या मुळाशी आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव महाराष्ट्रात २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हा वाडी-वस्तीवरचे मूल, त्यातही मुलगी, रोज किती अंतर जाणार हाच मुख्य प्रश्न होता.

दुसरा वाद २५ टक्के राखीव जागांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास विनाअनुदानित खासगी शाळांना या जागांमधून सूट दिली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला. न्यायालयाला तो रद्द करता आला, कारण समोर कायदा होता. १९१२ मध्ये पालकांच्या हाती तसे काही नव्हते.

पैसा नाही, पट नाही, शिक्षक नाहीत, हे आक्षेप त्या वेळीही होते आणि आजही शाळेबद्दलच्या चर्चेत ते पहिल्या ओळीत असतात. त्यातले काही खरेही असतात. पण सरकार खर्चातून अंग काढते तेव्हा तो खर्च नाहीसा होत नाही, तो घरावर येतो. मग कोणाला शिकवायचे आणि कोणाला थांबवायचे, हे पुन्हा घरात ठरू लागते. अशा वेळी आजही बहुधा आधी मुलीची शाळा सुटते. १९११ चे विधेयक हा हिशेब घरातून काढून सरकारी अंदाजपत्रकात नेऊ पाहत होते.